सूर लागण्याआधीची दहा मिनिटं

माझी भाची गाणं शिकते, हे आमच्या घरात ती लहान असल्यापासून कौतुकानं सांगितलं जाई. आल्यागेल्यासमोर तिला गायला बसवलं जाई आणि तीही न लाजता गात असे. पदवी झाल्यावर तिनं विद्यापीठात एम. ए.ला संगीत घेतलं तेव्हा माझ्या बहिणीनं पेढे वाटले होते. पण पहिल्या वर्षाच्या अखेरीला एक संध्याकाळ अशी आली की, त्यानंतर काही महिने गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी उठून चहा टाकायला जायचं.

त्या संध्याकाळी तिची मंचप्रदर्शनाची परीक्षा होती. विद्यापीठाचं छोटं सभागृह, समोर दोन परीक्षक, त्यांतले एक बाहेरगावचे, आणि मागे विद्यार्थी, पालक मिळून पन्नास-साठ माणसं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तिनं बागेश्री घेतला होता. सुरुवातीची आलापी ठीक झाली. विलंबित एकतालात मुखडा घेऊन ती समेवर नेमकी आलीही. पण तार षड्जाकडे जाताना तिचा आवाज कापला. मला वाटलं, घशात काही अडकलं असेल. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग मात्र तिचं लक्ष गाण्यातून उडाल्याचं माझ्यासारख्या कानसेनालाही कळलं. सम चुकली. तबलजींनी ठेका स्पष्ट धरून ठेवला, पेटीवाल्यांनी सूर देऊन वाट दाखवली. ती थांबली, हात जोडले आणि उठून विंगेत निघून गेली. चाळीस मिनिटं गायचं होतं. अठरा झाली होती.

हाच बागेश्री तिनं दोन दिवस आधी आमच्या घरी बसून तासभर गायला होता. माझी बायको आमटीला फोडणी घालायची विसरली होती, इतका सुंदर.

आठवडाभरानं बहिणीचा फोन आला. "दादा, तू जरा समजाव तिला. रडत नाही, बोलत नाही, तंबोऱ्याला गवसणी घालून ठेवलीय." मी गेलो. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला अशा वेळी जे सुचावं तेच मला सुचलं. म्हटलं, "हे बघ, झालं ते झालं. पुढच्या महिन्यात बँकेच्या परीक्षांची जाहिरात येतेय. अर्ज भरून ठेव. गाणं काय, घरी गाता येतंच की." तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मला गाता येत नाही असं वाटतं का तुला?"

मी गप्प बसलो. कारण तिला गाता येतं हे मला ठाऊक होतं. आणि ज्या दिवशी गाता यायला हवं होतं त्या दिवशी तिला ते आलं नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तराची सुरुवात करून दिली ती तिच्या विभागात नव्यानं आलेल्या एका तरुण शिक्षिकेनं. या बाई स्वतः गाणाऱ्या. पण कॉलेजात असताना एअर रायफलची नेमबाजी करत. त्यांनी भाचीला बोलावलं. ना धीर दिला, ना बोल लावला. फक्त एक प्रश्न विचारला, "तुझा घसा कोरडा कधी पडला? तार षड्जाला, की त्याच्या आधी?"

भाचीनं आठवून सांगितलं, घसा कोरडा पडला होता तो विंगेत, नाव पुकारायच्या आधी दहा मिनिटं. तळवे तेव्हाच गार झाले होते. श्वास वर छातीत अडकला होता. मंचावर जे घडलं ते मागाहून. "मग आपण गाणं दुरुस्त करायला नको," बाई म्हणाल्या, "ती दहा मिनिटं दुरुस्त करू."

त्या दहा मिनिटांत शरीरात काय चालतं हे बाईंनी मुलांना आधी समजावून दिलं. समोर संकट आहे असं मेंदूला वाटलं की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. अॅड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात चालू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं म्हणून बोटं गार पडतात. तोंडाला कोरड पडते, श्वास आखूड होतो. वाघ समोर असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे. पण समोर वाघ नसून बाहेरगावचे परीक्षक असतात आणि पळायचं नसून खर्जापासून तार सप्तकापर्यंत जायचं असतं. सतारियाचे हात कापले तर निदान वाद्य तरी शाबूत असतं. गायकाचं वाद्यच त्याचं शरीर. श्वास आखूड झाला की वाद्यच बिघडलं म्हणायचं.

आता हे सगळं खेळाडूंना फार पूर्वी कळलं होतं, असं वाचनात आलं. भाचीच्या निमित्तानं मी ग्रंथालयात बसू लागलो, त्याची ही कमाई. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन संशोधकाच्या लक्षात आलं होतं की, सायकलपटू एकटे असताना जितक्या वेगानं जातात त्यापेक्षा शेजारी कुणी असलं की जास्त वेगानं जातात. १८९८ साली त्यानं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला दिली होती. कधी एकट्यानं, कधी जोडीनं. जोडीनं फिरवताना निम्म्या मुलांचा वेग वाढला, पाव मुलांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेल्या पाव मुलांचं काम बिघडलं. माझी भाची शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या पाव मुलांत होती, एवढं कळूनसुद्धा मला बरं वाटलं.

पुढे १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटली. संगीतापर्यंत हे पोचायला मात्र बराच काळ गेला. टिमथी गॅलवे या टेनिस शिक्षकानं १९७४ साली 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. खेळाडूच्या आत दोन जण असतात. एक सतत सूचना देणारा आणि दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याची बडबड जितकी कमी, तितका दुसरा चांगला खेळतो. बॅरी ग्रीन या सिनसिनाटी सिंफनीच्या प्रमुख डबल बास वादकानं हेच सूत्र उचलून १९८६ साली गॅलवेसोबत 'द इनर गेम ऑफ म्युझिक' लिहिलं. त्यानंतर आणखी एक ग्रीन आले, डॉन ग्रीन. अमेरिकेच्या ऑलिंपिक पाणबुड्यांना, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या खेळाडूंना, मार्गदर्शन करणारे हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या जगप्रसिद्ध जुलियार्ड स्कूलमध्ये संगीताच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्याच वर्गातला एक व्हायोलिनवादक, नोआ कागेयामा, पुढे स्वतः मानसशास्त्राकडे वळला आणि जुलियार्डमध्येच हा विषय शिकवू लागला.

आपल्याकडे याचं बीज नव्हतं असं नाही. नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी. योगशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी कितीतरी नेमबाजांना आणि क्रिकेटपटूंना मन स्थिर करायला शिकवलं. २०१७ साली ते गेले. भाचीच्या बाई त्यांची पुस्तकं वाचूनच या वाटेला लागल्या होत्या. नेमबाजाला श्वास सोडून, हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत चाप ओढायचा असतो. बाई म्हणत, "षड्ज लावायचा तोही तसाच."

वर्गात सहा मुलं होती. आठवड्यातून एकदा, दुपारच्या वेळी. मी दोनतीनदा मागे जाऊन बसलो, म्हणून पाहिलेलं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येकानं एक वही ठेवायची. गायला बसण्याआधी शरीरात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, ते जसंच्या तसं लिहायचं. भाचीनं ती वही मला दाखवली, त्यात एका पानावर लिहिलं होतं, 'तिसऱ्या रांगेत मामाचा चेहरा. काळजीत.' मी वही मिटून परत दिली. ज्याला आपण पाठिंबा समजत होतो तो समोरून कसा दिसत होता, हे मला त्या पाच शब्दांत कळलं.

दुसरी गोष्ट, ठरलेला क्रम. बॅडमिंटनपटू सर्व्हिसपूर्वी शटल ठरावीक पद्धतीनं हातात धरतो, फलंदाज दर चेंडूआधी हातमोजे ओढतो, तसा गायकाचाही क्रम हवा. बाईंनी बसवलेला क्रम असा होता : दोन्ही तळपाय जमिनीला टेकवायचे, समोर डोळ्यांच्या पातळीखाली एक बिंदू धरायचा, श्वास पोटात घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. मान, जबडा, खांदे यांतला ताण एकेक करून सोडायचा. लक्ष नाभीच्या खाली आणायचं. मग एकच शब्द मनात म्हणायचा. डॉन ग्रीन जुलियार्डमध्ये जे शिकवत तेही थोड्याफार फरकानं हेच. शब्द मात्र ज्याचा त्यानं निवडायचा, आणि तो 'चुकू नको' असा नसावा, काय करायचं ते सांगणारा असावा. एका मुलानं 'सावकाश' निवडला. भाचीनं निवडला 'तंबोरा'.

हे ऐकलं आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचे आमचे हेड कॅशियर आठवले. मी नवा नवा कॅश काउंटरवर बसलो होतो. पहिली तारीख, दारापर्यंत रांग, नोटा हातानं मोजायच्या. संध्याकाळी पाचशे रुपयांची कॅश शॉर्ट आली आणि खिशातून भरावी लागली. दुसऱ्या दिवशी माझी बोटं थरथरू लागली, तसतशा आणखी चुका होऊ लागल्या. ते वयस्कर गृहस्थ मागून येऊन म्हणाले, "रांगेकडे बघू नका. बोटांकडेही बघू नका. नोटेकडे बघा." मला तेव्हा तो अनुभवी माणसाचा तोडगा वाटला होता. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी संगीताच्या १६ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. कीबोर्डवर एक छोटा तुकडा वाजवताना कुणी बोटांवर लक्ष ठेवायचं, कुणी पट्ट्यांवर, कुणी आतल्या हातोड्यांवर, कुणी निघणाऱ्या नादावर, असं आळीपाळीनं करायला लावलं. लक्ष बोटांपासून जितकं दूर, नादाकडे, तितकं वाजवणं एकसारखं झालं. आमच्या हेड कॅशियरनी हा निष्कर्ष कुठलंही विद्यापीठ न गाठता काढला होता.

तिसरी गोष्ट, मनातला रियाज. डोळे मिटून त्या सभागृहात जायचं. पायऱ्या, मंचावरची सतरंजी, दिव्यांचा उष्मा, तबल्यावरची थाप. मग सबंध बंदिश आवाज न काढता मनात गायची. अल्वारो पास्कुआल-लिओने यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक धडा दिला होता. काहींनी पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला. काहींनी तितकाच वेळ पट्ट्यांसमोर बसून नुसता मनात वाजवला. दोन्ही गटांच्या मेंदूत बोटं हलवणाऱ्या भागात सारखेच बदल दिसले. वाजवण्यात मनातला गट मागे होता खरा, पण पाचव्या दिवशी तो दुसऱ्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतका पोचला होता. आणि नंतर एकदाच प्रत्यक्ष सराव दिल्यावर बरोबरीला आला. बाईंची यात एक पुस्ती होती. मनात गाताना चूकही होऊ द्यायची आणि ती कशी सावरली तेही पाहायचं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटली. दोन मजले जिने धावत चढायचे आणि धापा टाकत असतानाच बसून षड्ज लावायचा. हृदय धडधडतंय, श्वास पुरत नाही, तरी गाणं होऊ शकतं, याचा अनुभव शरीराला द्यायचा. कधी वर्गात मुद्दाम फोन वाजायचा, कुणी मध्येच उठून जायचं, ओळख नसलेले तबलजी साथीला यायचे. एकदा मला परीक्षक म्हणून बसवलं आणि चेहरा मख्ख ठेवायला सांगितलं. बँकेत कर्जाचे अर्ज घेताना जो चेहरा ठेवत असे, तो कामी आला.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये यासाठी एक खोलीच केलेली आहे. आधी विंगेत वाट पाहायची, मग पडद्यातून मंचावर यायचं. समोर पडद्यावर चित्रित केलेले श्रोते किंवा तीन परीक्षक. ते खूष दिसावेत की नाराज, हे चालवणारा ठरवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, या लुटुपुटीच्या परीक्षेआधी व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या हृदयाची अवस्था खऱ्या परीक्षेआधीसारखीच होते. आपल्या अभिनव बिंद्रानं तर २००८च्या बीजिंग ऑलिंपिकपूर्वी भलंमोठं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तिथे अंतिम फेरीच्या जागेसारखी मांडणी करून सराव केला होता. सुवर्णपदक सगळ्यांनी पाहिलं, ते मंगल कार्यालय फार कुणी पाहिलं नाही.

हे सगळं मी आमच्या परिचयातल्या एका ज्येष्ठ गायकांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही सगळी रियाज कमी पडल्याची लक्षणं. आमच्या वेळी भीती वाटली तर गुरुजी म्हणायचे, आणखी चार तास बस."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलेला सिद्धांत असा की, समोर लोक असले की जे अंगवळणी पडलेलं असतं ते जास्त चांगलं होतं आणि जे कच्चं असतं ते जास्त बिघडतं. तेव्हा रियाजाला पर्याय नाही, आणि जी युक्ती रियाज वाचवायला म्हणून वापरली जाईल ती पहिल्याच बैठकीत उघडी पडेल. पण उरलेल्या अर्ध्यासाठी पाब्लो कासाल्सची गोष्ट सांगतो. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा चेलोवादक. १९०१ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर फिरायला गेला असताना दगड पडून त्याचा डावा हात जबर दुखावला. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार त्यानं पुढे आठवणींत प्रामाणिकपणे सांगून टाकला : सुटलो, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही! मंचाच्या धास्तीनं त्याला आयुष्यभर सोडलं नाही. रियाज कमी पडला होता असं कासाल्सला कोण म्हणेल?

आणि मला वाटतं, त्या ज्येष्ठांच्या वेळी फक्त जास्त तास बसवलं जात होतं असं नाही. त्यांनी स्वतःच मला पूर्वी सांगितलं होतं की, गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन ते सात वर्षं बसले. सुरुवातीला नुसता तंबोरा. मग गुरूंनी मान वळवली की एखादा स्वर भरायचा. मग एखादं आलापाचं वाक्य, एखादी तान. चुकलं तर गुरू पुढे होऊन झाकून घेत. सात वर्षांत शेकडो मैफली, हजारो चेहरे, आणि त्यातून भीती थेंबाथेंबानं अंगात मुरवलेली. शिवाय गुरुपौर्णिमेला घरच्याच माणसांसमोर दहा मिनिटं. स्वतंत्र मैफल वाट्याला येईपर्यंत मंच घरचाच झालेला असे. खेळाच्या मानसशास्त्रात ज्याला दबावाचा टप्प्याटप्प्यानं सराव म्हणतात, तो याहून निराळा काय आहे? तंबोरा जुळवताना समोरची गडबड विसरून कान एका सुरावर आणणं, यापेक्षा चांगला ठरलेला क्रम कोणता?

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या घरातून शाळेत आलं. फार मोठं काम झालं ते. ज्यांच्या घरात गाणं नव्हतं अशा हजारो मुलामुलींना, विशेषतः मुलींना, दार उघडलं. पुढे विद्यापीठांत विभाग झाले, पदव्या आल्या. पण या वाटेवर ती तंबोऱ्यामागची सात वर्षं कुठेतरी गळून पडली. आज मुलगी वर्गात राग शिकते, घरी रियाज करते आणि एके दिवशी एकदम चाळीस मिनिटं मंचावर एकटी बसते. मधल्या पायऱ्याच नाहीत. बाईंचे जिने, मख्ख परीक्षक आणि वाजणारे फोन म्हणजे त्या गळलेल्या पायऱ्या पुन्हा बांधण्याचा प्रयत्न आहे, असं मला वाटतं.

या पायऱ्या नसल्या की माणसं दुसरे मार्ग शोधतात. अमेरिकेतल्या सिंफनी वाद्यवृंदांतल्या वादकांची १९८७ साली मोठी पाहणी झाली. उत्तरं देणाऱ्या दोन हजारांहून अधिक वादकांपैकी २७ टक्के वादकांनी बीटा ब्लॉकर गोळ्या घेतल्याचं सांगितलं. रक्तदाबावरच्या या गोळ्यांनी हृदयाची धडधड आणि हातांचा कंप कमी होतो. नेमबाजीत त्या निषिद्ध आहेत. २००८ साली बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच गोळीमुळे काढून घेतली गेली. गाण्याबजावण्याला असा नियम नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. पण दमा असलेल्याला ही गोळी धोक्याची ठरू शकते, आणि मैत्रिणीच्या पर्समधून घेऊन विंगेत गिळायची ही वस्तू नव्हे. तसंच, रात्र रात्र झोप नाही, खाणं तुटलंय, वर्गातही जाववत नाही, अशी मुलाची अवस्था असेल तर श्वासाच्या व्यायामावर न थांबता डॉक्टरांकडे न्यायला हवं. बाई हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगत.

एक शंका मात्र माझ्या मनात शेवटपर्यंत राहिली, ती मी बाईंजवळ बोललो. खेळात जिंकायचं असतं. गाण्यात कुणाला हरवायचं? दूरदर्शनच्या वाहिन्यांवर कोवळ्या पोरांना गुण देऊन बाहेर काढायचा खेळ आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. त्यात आता हे खेळाडूंचं शास्त्र आलं तर बैठकीचा सामना व्हायचा. बाई हसल्या. म्हणाल्या, "नेमबाज तरी कुणाला हरवतो? शेजारच्याकडे बघितलं की नेम गेलाच. त्याला फक्त समोरचं वर्तुळ असतं. मुलांना मी सांगते, परीक्षक हे वर्तुळ नाही. सूर हे वर्तुळ."

आणखी एक छोटी युक्ती त्यांच्याकडून कळली. धडधडू लागलं की 'मला भीती वाटतेय, शांत हो' असं स्वतःला दटावायचं नाही. 'मी उत्सुक आहे' असं म्हणायचं. शरीराला दोन्हींत धडधडच होते. नाव आपण देतो. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅरिओकेवर अनोळखी माणसासमोर गाण्याआधी काहींना 'मी उत्सुक आहे' असं म्हणायला लावलं, काहींना 'मी घाबरलोय' असं. यंत्रानं मोजलेली अचूकता पहिल्या गटाची सुमारे ८० टक्के भरली, दुसऱ्याची ५३.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा याच वर्षी झाली. भाचीनं हट्टानं बागेश्रीच घेतला. आदल्या दिवशी फोन आला, "मामा, तू ये. पण मला दिसणार नाहीस असा बस." मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो. त्यामुळे तिला पाहिलं नाही, फक्त ऐकलं. आणि गाणं ऐकायचं असतं, ही गोष्ट मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकलो.

फार मोठं गाणं झालं असं म्हणणार नाही. सुरुवातीला आवाज थोडा दबका होता. मध्यंतरी एका तिहाईला ती पाव मात्रेनं चुकली. माझा श्वास थांबला. पण क्षणभर नुसता तंबोरा ऐकू आला, मग तिनं मुखडा उचलला आणि पुढच्या आवर्तनात सरळ समेवर आली. त्यानंतर आवाज मोकळा झाला. तार षड्ज लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या कुणीतरी हलकेच 'वा' म्हटलं. चाळीस मिनिटं पूर्ण झाली.

बाहेर आल्यावर माझी बहीण डोळे पुसत होती. भाची माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कसं झालं ते सांगू नकोस, मामा. काय ऐकलंस ते सांग." हाही त्या वर्गातला नियम असावा. मी म्हटलं, "तिहाई चुकल्यावर तू थांबलीस, तो तंबोरा ऐकला." ती म्हणाली, "मीही तोच ऐकला."

बँकेच्या परीक्षेचा अर्ज तिनं भरला होता, हे मात्र मला नंतर कळलं. परीक्षाही देऊन आली. निकाल यायचा आहे. पेपर सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत तळपाय टेकवून सावकाश श्वास सोडला, तिथेही उपयोग झाला, असं सांगत होती. नोकरी लागली तर ती करील की नाही, मी विचारलेलं नाही. तंबोऱ्याची गवसणी निघाली आहे, तेवढं मी जाता-येता पाहून घेतो.